न मोजता लिहिलेलं अर्थिंग

वैजयंती महाजन आमच्या शाळेत आली तेव्हा मधली सुट्टी चालू होती. पोरांचा गलका एवढा होता की ती काय म्हणतेय ते मला पहिल्या खेपेला ऐकूच आलं नाही. पन्नाशीला टेकलेली बाई, सलवार-कमीजवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, खांद्याला जड पिशवी. मला वाटलं, कुणाची तरी आई दाखल्यासाठी आलीय.

"सर, तुमच्या कॉम्प्युटरच्या खोलीचं काम मी केलं होतं," ती पुन्हा म्हणाली. "साडेपाच वर्षं झाली. तेव्हा तपासणीच्या कागदावर मी अर्थिंगचा जो आकडा लिहिला, तो मोजून लिहिलेला नाही. मला तो आता मोजू द्या."

बुधवारा मोहल्ल्यातली आमची शाळा जुनी. मी गणित शिकवतो, आणि कॉम्प्युटरची खोली माझ्याकडे आहे, कारण ती खोली सुरू झाली तेव्हा शिक्षकांत मीच वयानं लहान होतो. चूक लपवायला येणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ती सांगायला आपण होऊन आलेली बाई पहिल्यांदाच पाहत होतो. मी विचारलं, "काही झालंय का?"

"तुमच्याकडे नाही झालं," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. बसताना गुडघा दाबून धरला. "दुसरीकडे झालं."

मग ते दुसरीकडचं तिनं सांगितलं. त्या दिवशी थोडं, आणि पुढे आमच्या शाळेत तिचं काम चाललं तेव्हा उरलेलं.

वैजयंती मूळची इथून जवळच्या शहापूरची. वडिलांची केळीची बाग होती आणि विहिरीवर मोटर. मोटरचा स्टार्टर सारखा बिघडायचा. वायरमन दोन-दोन दिवस येत नसे, तोवर बाग उन्हात उभी. नववीतल्या वैजयंतीनं तो वायरमन काय करतो ते बघून बघून एकदा स्वतःच स्टार्टर उघडला आणि चालू केला. वडील आधी रागे भरले, मग दुसऱ्या शेतकऱ्यांना सांगत सुटले. दहावीनंतर ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात बसली. त्या वर्गात दोनच मुली होत्या. दुसरी दिवाळीनंतर आलीच नाही.

लग्न होऊन ती आमच्या गावात, लोधीपुऱ्यात आली. नवरा मधुकर केळीचे ट्रक जिथं तोलतात त्या धर्मकाट्यावर कारकून. स्वभावानं शांत, कमी बोलणारा. घराच्या चारी बाजूंना पॉवरलूम. त्यांचा खडखडाट सकाळी सुरू झाला की आपसांत बोलतानाही आवाज चढवावा लागायचा. वैजयंतीनं आधी लूमच्या जळलेल्या मोटरींत नवी तार भरायच्या दुकानात काम केलं. मग गावात इंटरनेटच्या केबली आल्या. बँका, शाळा, पतसंस्था, दुकानं, सगळीकडे लोखंडी कपाटं बसू लागली. ती माणसं त्याला रॅक म्हणतात. आत डबे, लुकलुकणारे दिवे, वायरींचे गुंते. खंडव्याच्या एका ठेकेदाराकडे ही कपाटं बसवण्याचं काम होतं. डब्यांतलं जाणणारी पोरं त्याच्याकडे खूप होती. पण त्या कपाटाला वीज नीट आणि सुरक्षित जोडून देणारं माणूस त्याला मिळत नव्हतं. वैजयंती मिळाली.

या कामात ती काय करायची, हे मी आमच्याच शाळेत जवळून पाहिलं. आधी गळ्यातलं मंगळसूत्र आणि हातातल्या पाटल्या काढून स्टीलच्या डबीत ठेवायची. कपाटातल्या बॅटऱ्यांपाशी धातूचं काही अंगावर असू नये म्हणून. एका बँकेत यावरून दोन बायका तिच्या देखत कुजबुजल्या होत्या. तिनं लक्ष दिलं नाही. मग मीटर घेऊन भिंतीच्या सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायची: फेज आणि न्यूट्रलमध्ये किती, फेज आणि अर्थमध्ये किती, न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती. पहिली दोन जवळजवळ सारखी यायला हवीत आणि तिसरं शून्याच्या आसपास. ते जमलं तरच पुढे. जोडताना सगळ्यांत आधी अर्थची हिरवी वायर, वीज नंतर. काढताना आधी वीज, आणि अर्थ सगळ्यांत शेवटी. एखाद्या डब्याला दोन बाजूंनी वीज येत असेल तर दोन्ही प्लग काढल्याशिवाय ती त्याला बोट लावत नसे.

"अर्थिंग म्हणजे नक्की काय करतं?" मी तिला विचारलं होतं. गणिताचा मास्तर असून मला ते धड माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "बिघाड होऊन करंट कपाटाच्या पत्र्यावर उतरला, तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट पाहिजे. वाट असली की तो जोरात तिकडं धावतो, तेवढ्यानं बटण आपोआप पडतं आणि वीज बंद होते. वाट नसली तर तो पत्र्यावरच उभा राहतो. पत्र्याला हात लावणाऱ्या माणसातून मग तो वाट काढतो."

ती वाट चांगली आहे की नाही, हे मोजायचं एक वेगळं यंत्र असतं. त्यासाठी जमिनीत लांब लांब दोन खिळे ठोकायचे, वायरी ओढायच्या, मग आकडा वाचायचा. एकापेक्षा कमी आला तर उत्तम. या कामाला वेळ लागतो आणि ते कुणालाच आवडत नाही. बँकेच्या मॅनेजरला नेट चालू हवं असतं. ठेकेदाराला पुढचं ठिकाण गाठायचं असतं. खिळे ठोकणारी बाई सगळ्यांच्या मध्ये येते.

दहा वर्षं ती असं मध्ये येत राहिली. स्कूटीवर यंत्र बांधून नेपानगर, खकनार, धूळकोट. उन्हाळ्यात आमच्याकडे जमीन अशी तापते की खिळा आत जायचं नाव घेत नाही. घरी सासू अंथरुणाला, मधुकरची ड्यूटी ट्रकांच्या हिशोबानं कधीही. सकाळी पोळ्या लाटायच्या, सासूचं आवरायचं, दोन-तीन ठिकाणं करायची, परत येऊन पुन्हा पोळ्या. "तेव्हा मी बसले की उठवत नव्हतं," ती मला म्हणाली. "कुठं बसायचंच नाही, असं ठरवलं होतं."

दोन हजार अठराच्या मे महिन्यात सासूला दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारी चारला डॉक्टर भेटणार होते आणि मधुकरला सुट्टी नव्हती. त्या दिवशी वैजयंतीचं तिसरं ठिकाण लोधीपुऱ्यातच होतं. कडू शेठच्या लूमच्या कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखाली एक खोली होती. इंटरनेट कंपनीनं ती भाड्यानं घेतली होती. आजूबाजूच्या चार गल्ल्यांचं नेट त्या खोलीतल्या रॅकमधून जाणार होतं.

रॅक लागला होता. भिंतीवरून अर्थची लोखंडी पट्टी खाली जाताना दिसत होती. खाली अंगणात अर्थिंगच्या खड्ड्याचं सिमेंटचं झाकणही होतं. दोन्ही डोळ्यांना दिसत होतं. तिनं मीटर लावलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये दोनशे पंधरा आले. फेज आणि अर्थमध्ये एकशे नव्वद.

हे एकशे नव्वद तिला खटकले. एवढा फरक यायला नको होता. पण खाली चाळीस लूम धडधडत होते, आणि लूम चालू असले की लोधीपुऱ्यात व्होल्टेज खालीवर होतंच. तिनं स्वतःला तसं सांगितलं. खिळे ठोकायचे तर गल्लीत माती कुठं दिसेना, नुसतं सिमेंट. माती शोधत मागच्या गल्लीपर्यंत वायर ओढायची म्हणजे तास-दीड तास. साडेतीन वाजले होते.

तिनं धर्मेंद्रला फोन केला. धर्मेंद्र ठेकेदाराचा सुपरवायझर, वयानं तिच्याहून दहा वर्षांनी लहान. "ताई, पॉइंट आठ टाकून द्या ना," तो म्हणाला. "सगळीकडे तेच तर येतंय. आज चालू झालंच पाहिजे."

तिनं कागदावर पॉइंट आठ लिहिलं, सही केली आणि दवाखान्यात गेली. डॉक्टर भेटले. सासू त्यातून बरी होऊन पुढं दोन वर्षं जगली.

"एकदा लिहिलं ना सर, की हाताला कळतं, हे सोपं आहे," वैजयंती म्हणाली. त्याच महिन्या-दीड महिन्यात तिनं आणखी दोन कागद तसेच लिहिले. एक नेपानगरच्या एका पतसंस्थेचा, दुसरा आमच्या शाळेचा. मग तिचं तिलाच बरं वाटेना आणि तिनं ते बंद केलं. पुन्हा खिळे ठोकू लागली. झालेलं मात्र तसंच राहिलं. तीन ठिकाणं तिला पाठ होती, आणि ती त्यांच्याबद्दल कधी बोलली नाही.

दोन हजार तेवीसच्या श्रावणात कडू शेठच्या कारखान्याचं छप्पर गळायला लागलं. एका सकाळी चार गल्ल्यांचं नेट गेलं आणि कंपनीचा नीलेश बघायला वर गेला. सव्वीस वर्षांचा पोरगा, लग्न ठरलेलं. खोलीत पाणी साचलं होतं. चपला बाहेर काढून तो आत गेला आणि रॅकचं दार उघडायला त्यानं कडीला हात घातला.

रॅकच्या आत एका वायरचं कवच दाराखाली चेंगरून फाटलं होतं आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. अर्थिंग धड असतं तर ज्या क्षणी ती टेकली त्याच क्षणी बटण पडलं असतं. फार तर नेट बंद झालं असतं, बाकी काही नाही. पण बटण पडलं नव्हतं. अख्खं कपाट विजेनं भरून उभं होतं.

खाली भिकन नावाचा जुना विणकर लूमवर होता. एवढ्या खडखडाटातही त्याला वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो जिना चढला, दारातूनच नीलेशला पाहिलं आणि आत न जाता आधी खाली धावत येऊन मेन स्विच ओढला. त्यानं आत पाऊल टाकलं असतं तर दोघं गेले असते. नीलेश मागं फेकला जाऊन खोलीच्याच भिंतीवर आदळला होता आणि साचलेल्या पाण्यात पडला होता. उजवा खांदा मोडला, तळहात भाजला. जीव वाचला.

वैजयंतीला हे दुसऱ्या दिवशी धर्मेंद्रच्या फोनवरून कळलं.

"ताई, टेंशन घेऊ नका," तो म्हणाला. "तुमचा कागद सापडला. पॉइंट आठ लिहिलेलं आहे, सही आहे. आपण एकदम सेफ. पोरानं मेन बंद न करता हात घातला, त्याची लापरवाही. रिपोर्टमध्ये तसंच जाईल."

"त्याचं काय होईल मग?"

"काय होणार? काढतील. दुसरा येईल."

फोन ठेवून ती ओट्याशी आली. मधुकर बाजूला बसून भेंडी चिरत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, पाच वर्षांत पहिल्यांदा. त्यानं ऐकून घेतलं.

"लिहिलं काहून मग?" त्यानं विचारलं.

"दमले होते."

मधुकरनं चिरलेली भेंडी ताटलीत सारली. त्याच्या आईच्याच आजारपणातली गोष्ट होती. थोड्या वेळानं म्हणाला, "आता पाच वर्षांनी कोन विचारतं तुला? जमीन सुकते, वायर गंजते. तेव्हा बरोबर असंल, नंतर बिघडलं असंल. असं बी होतं ना?"

असं होतं, हे खरं होतं. वैजयंतीलाही तेच खरं असावं असं वाटत होतं. नंतर बिघडलं असेल तर तिचा दोष अर्धा. ते बघायलाच ती दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन कडू शेठच्या कारखान्यात गेली. कडू शेठ अपघातानं धास्तावला होता. काय बघायचं ते बघा, म्हणाला.

तिनं भिकनला सोबत घेतलं. रॅकची वीज आदल्या दिवशीच तोडली होती, तरी तिनं मीटर लावून खात्री केली. मग अर्थच्या पट्टीवर बोट ठेवून ती पट्टीबरोबर खाली खाली गेली. दुसऱ्या मजल्याच्या जमिनीपाशी पट्टी गिलाव्यात शिरत होती. भिकननं छिन्नी-हातोडा आणला. एक वीत गिलावा काढला आणि पट्टी संपली. कापलेलं टोक विटेत नुसतं रुतून बसलं होतं. त्याच्या खाली काही नव्हतं. अंगणातला खड्डा आणि वरचं कपाट यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता.

"भिकनभाऊ, ही भिंत कधीची?" तिनं विचारलं.

"मजला चढवला तवाची. माह्यासमोरच बांधली," भिकन म्हणाला. "अकरा साल. माह्या पोरीचं लगन त्याच साली झालं, म्हनून ध्यानात हाय. मिस्तरीच्या आड येत व्हती पट्टी, त्यानं कापली असंल."

अकरा साल. तिनं कागद लिहिला अठरा साली. म्हणजे त्या दिवशी खिळे ठोकले असते तर यंत्रानं काही पॉइंट आठ दाखवलं नसतं. आणि ते एकशे नव्वद लूममुळे नव्हते. ओल्या-सुक्या विटेत अडकलेल्या पट्टीचं ते खोटं माप होतं. तिथंच समोर आलेलं. तिनं कापलेल्या टोकाचे फोटो काढले आणि पायरीवर बसली. भिकननं पाणी आणून दिलं. "रडली नाही," ती मला म्हणाली. "रडायला पण अंगात काही लागतं."

चार दिवसांनी ती नीलेशच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर. नीलेश खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात गळ्यात बांधलेला. त्याची आई भागाबाई दारातच गहू निवडत होती. वैजयंतीनं आपण कोण ते सांगितलं आणि मग तो कागद आपणच लिहिला हेही सांगितलं. उभ्या उभ्याच. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

भागाबाईच्या हातातलं सूप थांबलं. "माह्या पोराले साहेब म्हनते का तूच बेपर्वा," ती म्हणाली. "आन् तू आता येऊन सांगतं?"

"हो."

"काहाले सांगतं? त्याचा हात येईल का परत?"

नीलेश तिच्याकडे बघत होता. म्हणाला, "ताई, मला एकच सांगा. तुम्ही मोजलं असतं तर?"

"तर कळलं असतं."

"फिर?"

"मग रॅक चालू झाला नसता. पट्टी जोडेपर्यंत मी वीज जोडू दिली नसती."

"बस," नीलेश म्हणाला. "इतनाच पुछना था." आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

ती निघाली तेव्हा भागाबाई पुन्हा गहू निवडायला लागली होती.

कंपनीची चौकशी इंदूरहून आलेल्या प्रतिभा मॅडमनं केली. बुधवाऱ्यातल्या कंपनीच्या कचेरीत एक टेबल, समोर धर्मेंद्र, बाजूला वैजयंती. येण्याआधी जिन्यात धर्मेंद्रनं तिला अडवलं होतं. "ताई, पागल झालात का? माझा फोन त्यात आणू नका. माझी दोन पोरं आहेत."

"मी माझ्यापुरतं सांगणार," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल विचारलं तर मात्र खोटं नाही सांगणार."

आत गेल्यावर तिनं फोटो टेबलावर ठेवले, भिंत कधी बांधली ते सांगितलं, आणि आकडा न मोजता लिहिल्याचं सांगितलं. प्रतिभा मॅडमनं लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"हे तुमच्याच विरुद्ध जातंय, कळतंय ना?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं तसं लिहायला?"

वैजयंतीनं धर्मेंद्रकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण पेन माझ्या हातात होतं. आणि मापात फरक दिसला होता, तो फक्त मलाच दिसला होता."

प्रतिभा मॅडमनं बराच वेळ लिहिलं. मग तिच्याकडून सही घेतली. वैजयंती नंतर मला म्हणाली, आयुष्यात एवढी सावकाश सही मी कधी केली नसेल.

रिपोर्टमधून नीलेशची लापरवाही गेली. त्याला काढलं नाही. खांदा पूर्ण वर जाईना, म्हणून शिडीचं काम सोडवून कंपनीनं त्याला तक्रारी घ्यायला टेबलावर बसवलं. लग्न चार महिने पुढं गेलं, पण झालं. धर्मेंद्रची बदली खरगोनला झाली. वैजयंतीला ठेकेदारानं कळवलं की यापुढं तिला काम मिळणार नाही. कळवलं म्हणजे फोन येणं बंद झालं.

मग तिनं उरलेली दोन ठिकाणं हातात घेतली. नेपानगरच्या पतसंस्थेच्या मॅनेजरनं तिला आत येऊ दिलं नाही. "आमच्याकडे तर कागद आहे, पॉइंट आठ आहे," तो म्हणाला. "तो कागद चुकीचा आहे हेच सांगायला आलेय," ती म्हणाली. तरी नाही. तिनं रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. पोच आली. पुढं त्यानं कुणाकडून मोजून घेतलं की नाही, ते तिला आजही माहीत नाही.

मग ती आमच्याकडे आली.

मुख्याध्यापिकांना मी कसंबसं समजावलं. दुसऱ्या दिवशी वैजयंतीनं आमच्या मैदानात खिळे ठोकले. सातवीची पोरं भोवती कडं करून उभी. यंत्राचा काटा सहाच्या पुढं जाऊन थांबला. "फार वाईट नाही," ती म्हणाली. "पॉइंट आठ पण नाही." मग दोन दिवस खपून तिनं खड्डा नव्यानं भरून घेतला. नवा पाइप, ओल टिकायला कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या ओतायच्या, हे तिनं शिपायाला आणि मला वेगवेगळं सांगितलं. शिपाई विसरेल तर मी, मी विसरलो तर शिपाई.

खोलीतले प्लग तपासताना एक प्लग हातात घेऊन ती थांबली. त्याची वरची जाड, अर्थची पिन मोडलेली होती. "हे कुणी केलं?"

जुन्या बोर्डात बसत नव्हता म्हणून ती पिन पकडीनं मीच मोडली होती. "मी," म्हणालो. बाहेर पोरं खेळत होती आणि त्या कॉम्प्युटरवर रोज त्यांतलंच कुणी ना कुणी बसायचं. ती मला रागावेल असं वाटलं. तिनं पिशवीतून नवा प्लग काढला, स्क्रू सैल केले आणि जुना बदलला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. मला ते जास्त लागलं.

त्यानंतर वर्षभर तिला रॅकचं काम नव्हतं. घरांचे पंखे, गिझर, लग्नाच्या मांडवातली वायरिंग, जे येईल ते केलं. मग जळगावच्या एका कंपनीला आमच्या भागात माणूस हवा होता. त्यांनी तिला बोलावलं. त्यांना तिची हकीकत कुठून तरी कळलेली होती. त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही, तिनंच पहिल्या भेटीत सांगून टाकलं. आता ती पुन्हा फिरते. गुडघ्यांमुळे स्कूटी सोडली, बसनं जाते. दिवसाला एकच ठिकाण घेते. लोक कुरकुर करतात की ही बाई फार वेळ लावते. ते खरंच आहे. गेल्या मे महिन्यात एका केळी पिकवायच्या कारखान्यात तिनं मालकाला साडेतीन तास थांबवलं. खड्डा सुकला होता. पाणी ओतून, मुरवून, पुन्हा मोजून, आकडा खाली आल्यावरच जोडणी केली. मालकानं जाताना तिला धड पाणीही विचारलं नाही.

मी एकदा तिला विचारलं, की सांगून टाकल्यावर बरं वाटलं का.

"बरं?" ती जरा विचार करून म्हणाली. "नाही हो सर. काम वाढलं."

या दिवाळीआधी शाळेचं नेट दोन दिवस बंद होतं म्हणून मी कंपनीच्या कचेरीत गेलो. टेबलावर नीलेश होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो, पण हातावरून ओळखलं. डाव्या हातानं टाइप करत होता. त्यानं तक्रार लिहून घेतली आणि सवयीनं विचारलं, "रॅकचं अर्थिंग चेक आहे का? आमचा माणूस येईल, म्हणून विचारतोय."

"आहे. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी नवीन केलं. दर सहा महिन्यांनी मोजतात."

"कोण मोजतं?"

"वैजयंती महाजन."

त्याचा हात किबोर्डवर थांबला. मग त्यानं ते नाव लिहिलं, "ठीक आहे, माणूस पाठवतो," म्हणाला आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला पुढं बोलावलं.

संध्याकाळी भाजी बाजारात वैजयंती भेटली, तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिनं गवार निवडता निवडता ऐकलं.

"खांदा वर जातो का आता त्याचा?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, तेवढं काही दिसलं नाही. ती बरं म्हणाली, गवार पिशवीत टाकली, आणि उद्या सकाळी सहाची खकनारची बस धरायची म्हणून निघाली.